कापराची डबी आणि पाळण्यातले बाळ

थंडीचे दिवस. चार महिन्यांच्या बाळाला सर्दी झाली आहे. नाक चोंदल्यामुळे दूध पिताना ते मध्येच थांबते, चिडते, रडते. घरात लगेच दोन मते पडतात. आजी तव्यावर ओवा गरम करून मलमलीच्या फडक्यात त्याची पुरचुंडी बांधते, वरून कापराच्या दोन वड्या चुरडून घालते आणि ती बाळाच्या उशाशी ठेवायला सांगते. सूनबाईंनी दुकानातून छातीला चोळायचे मलम आणून ठेवलेले असते. सासूबाईंना मलमावर विश्वास नाही आणि सूनबाईंना पुरचुंडीवर. गंमत अशी की, मलमाच्या डबीवरचा मुंगीच्या पावलांसारखा बारीक मजकूर नीट वाचला तर त्यातही कापूर निघतो, पुदिन्याचे सत्त्व निघते, निलगिरीचे तेल निघते, कधी ओव्याचे सत्त्वही निघते. म्हणजे भांडण पुरचुंडी आणि डबीचे. आतला माल मात्र एकाच घराण्यातला.

या घराण्याला रसायनशास्त्रात टर्पीन म्हणतात. नाव आले टर्पेंटाइनवरून. रंगारी रंग पातळ करायला वापरतात तेच हे तेल, पाइनच्या झाडाच्या डिंकासारख्या चिकट स्रावापासून काढलेले. देवघरातला कापूर, मसाल्याच्या डब्यातली वेलची, तोंडातली पुदिन्याची गोळी आणि रंगाऱ्याच्या बाटलीतले टर्पेंटाइन ही सगळी एकमेकांची चुलतभावंडे आहेत, हे प्रथमदर्शनी पटत नाही. शास्त्रज्ञांनाही ते पटायला वेळ लागला.

जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात ऑटो वालाख नावाचे प्राध्यापक होते. १८७९ मध्ये त्यांच्यावर औषधशास्त्र शिकवण्याची जबाबदारी आली. विषय काही त्यांचा नव्हता. प्रयोगशाळेच्या कपाटात सुगंधी तेलांच्या बाटल्या कित्येक वर्षे कुणी हात न लावता पडून होत्या. वालाखांनी त्या उघडल्या आणि एकेक तेल सावकाशपणे पुनःपुन्हा ऊर्ध्वपातन करून त्याचे घटक वेगळे काढायला सुरुवात केली. हे काम फार चिकाटीचे होते आणि ते त्यांनी वर्षानुवर्षे केले. त्यांच्या ध्यानात आले की, वेगवेगळ्या झाडांवरून वेगवेगळी नावे मिळालेल्या तेलांत बऱ्याचदा तेच ते घटक लपलेले असतात. नावे पुष्कळ, द्रव्ये मोजकी. या कामासाठी १९१० मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या द्रव्यांची ठेवण समजायला माळेची उपमा बरी पडते. पाच कार्बन अणूंचा एक मणी, त्याचे नाव आयसोप्रीन. दोन मणी जोडले की दहा कार्बनचे टर्पीन. कापूर, पुदिन्यातले मेन्थॉल, ओव्यातले थायमॉल, निलगिरीतले सिनिओल आणि संत्र्याच्या सालीतले लिमोनीन ही सगळी दोन मण्यांची मंडळी. तीन मण्यांची जरा जड असतात. हळदीचा, खसाचा आणि चंदनाचा वास त्यांचा. आठ मणी ओवले की गाजराचा केशरी रंग, आणि हजारो ओवले की रबर! लवंगेला मात्र या पंगतीत बसवता येत नाही. तिचे युजेनॉल वेगळ्या कुळातले. तुळशीतही ते भरपूर असते. पण तुळशीत टर्पीनेही असतात, त्यामुळे तिचे दोन्ही घरांशी नाते.

दोन मण्यांचे रेणू हलके, म्हणून चटकन उडतात. उडतात म्हणूनच त्यांचा वास येतो. वेलचीची पूड खिरीत आधी घालून खीर आटवत बसले तर स्वयंपाकघर सुगंधी होते आणि वाटीतली खीर फिकी लागते. जुन्या सुगरणी ती खीर उतरवताना घालत, यामागचे कारण एवढेच.

पण झाड हा खटाटोप माणसाच्या खिरीसाठी करीत नाही. झाडाला पळता येत नाही. किडा आला, बुरशी आली, गुरांनी तोंड लावले, तरी जागेवर उभे राहूनच तोंड द्यायचे. म्हणून पुदिन्याच्या पानावर सूक्ष्म ग्रंथी असतात आणि त्यांत तेल भरलेले असते. पान चावणाऱ्या किड्याला ते आवडत नाही, कित्येकदा मानवतही नाही. पाइनच्या खोडाला जखम झाली की चिकट स्राव वाहतो, जखम बुजवतो आणि आत शिरू पाहणाऱ्या भुंग्याला अडवतो. नागपुरी संत्र्याची साल दुमडून मेणबत्तीच्या ज्योतीसमोर दाबली तर फुलबाजीसारख्या ठिणग्या उडतात, तो खेळ मुलांना ठाऊक असतो. त्या ठिणग्या सालीतल्या लिमोनीनच्या. तोच फवारा भावंडाच्या डोळ्यांत उडाला की घरात काय होते, तेही ठाऊक असते. माणसाला जो सुगंध वाटतो तो झाडाच्या दृष्टीने पुष्कळदा हत्यार असतो. बाळाच्या उशाशी काय ठेवायचे याचा विचार करताना हे विसरून चालत नाही.

आता कापराकडे वळायचे. या घराण्यात त्याच्याइतका मान कुणालाच मिळाला नाही आणि त्याच्याइतके गैरसमजही कुणाबद्दल नाहीत.

कापराचे झाड दालचिनीच्या जातकुळीतले; मूळचे चीन, जपान, तैवानकडचे. त्याचे लाकूड तासून वाफेवर धरले की कापूर वाफेबरोबर निघतो आणि थंड जागी स्फटिक होऊन बसतो. त्यासाठी मोठाली जुनी झाडे तोडावी लागत. आरतीसाठी लागून लागून कापूर किती लागणार! पण १८७० च्या सुमारास अमेरिकेत सेल्युलॉइड निघाले आणि कापराची कुंडलीच बदलली. सेल्युलॉइड लवचीक राहावे म्हणून त्यात कापूर घालत. फण्या, बाहुल्या, टेबल टेनिसचे चेंडू आणि पुढे सिनेमाची फीत या सगळ्यांत कापूर होता. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये पडद्यावर आला तेव्हा साऱ्या जगातला सिनेमा याच ज्वालाग्राही फितीवर चालत होता. तैवान १८९५ मध्ये जपानच्या ताब्यात गेले आणि चार वर्षांतच जपानने तिथल्या कापरावर सरकारी मक्तेदारी बसवली. डोंगरातल्या जंगलांसाठी तिथल्या मूळ रहिवाशांशी रक्तपातही झाला.

भाव असा हातात गेल्यावर इतर देशांतले रसायनशास्त्रज्ञ कामाला लागले. १९०३ मध्ये फिनलंडच्या गुस्टाफ कोम्पा यांनी प्रयोगशाळेत संपूर्ण कापूर घडवून दाखवला. कारखान्यांना मात्र त्याहून स्वस्त वाट सापडली, टर्पेंटाइनची. त्यातल्या पायनीन या टर्पीनची घडी रासायनिक क्रियांनी टप्प्याटप्प्याने बदलत नेली की शेवटी कापूर हाती येतो. भारतात उत्तर प्रदेशातल्या बरेलीला १९६० च्या दशकात असा कारखाना उभा राहिला. तेव्हा देवापुढे जळणाऱ्या कापराच्या वडीने बहुधा कापराचे झाड कधी पाहिलेलेच नसते. तिचे माहेर पाइनच्या जंगलात असते. 'भीमसेनी' हे नाव तर मुळात सुमात्रा आणि बोर्निओतल्या निराळ्याच झाडाच्या पोटात सापडणाऱ्या द्रव्याचे. ते रसायन कापराचे सख्खे भावंड, पण कापूर नव्हे. मूळ माल दुर्मिळ आणि महाग. डबीवर नाव छापले म्हणजे आत तोच निघेल, असे समजण्याचे कारण नाही.

विड्यात आणि काही गोडाच्या पदार्थांत किंचित कापूर घालण्याची जुनी पद्धत आहे. दाक्षिणात्य पदार्थांत तो आजही असतो. तो खाण्याचा म्हणून वेगळा विकला जातो आणि तोही गव्हाच्या दाण्याच्या अंशाइतकाच वापरतात. पूजेच्या वड्यांचा आणि खाण्याचा काही संबंध नाही. 'देवाला चालतो तो माणसाला का चालणार नाही' हा युक्तिवाद येथे लंगडा पडतो.

ओव्याचे सत्त्व, पुदिन्याचे सत्त्व आणि कापूर यांची एक करामत मात्र सांगण्यासारखी आहे. तिन्ही कोरडी, खडीसाखरेसारखी. बाटलीत सारख्या भागांत एकत्र करून हलवली की पाण्याचा थेंब न घालता त्यांचा पातळ द्रव होतो. एकमेकांच्या सहवासात त्यांचा वितळण्याचा अंश इतका खाली येतो की ती घरातल्या साध्या उष्णतेलाच विरघळतात. 'अमृतधारा' म्हणून पिढ्यान् पिढ्या घराघरांत असलेली बाटली ती हीच. प्रवासात मोठी माणसे तिचे दोन थेंब साखरेवर घेत. पण बाटली दिसायला पाण्यासारखी आणि नाव अमृताचे! तिच्या थेंबाथेंबात तीन सत्त्वांचा अर्क आहे, हे लहान मुलाला कोण सांगणार?

बाळाचे चोंदलेले नाक या वासांनी मोकळे होते का? होत नाही, हे खरे उत्तर आहे. मेन्थॉलचा वास घेतला की नाकात गार वारा शिरल्यासारखा वाटतो, म्हणून मोठ्या माणसाला बरे वाटते. पण नाकाच्या आतली सूज तेवढीच राहते, हवाही तेवढीच जाते. शरीरात थंडीची जाणीव करून देणारे काही खास ग्राहक असतात. खरोखरची थंडी नसताना मेन्थॉल त्यांनाच जाऊन डिवचते. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांनी मेन्थॉल हाताशी धरून हा ग्राहक शोधला. तापमान आणि स्पर्शाच्या जाणिवेवरील कामासाठी दोघांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. मोठ्या माणसाची अशी फसवणूक सुखाची असते. तान्ह्या बाळाचे तसे नाही. तीव्र मेन्थॉल नाकापाशी आले तर बाळाचा श्वास क्षणभर अडकू शकतो, घसा आवळला जाऊ शकतो. नाकपुडीत मलमाचे बोट फिरवण्याची सवय म्हणूनच फार वाईट.

कापराचे प्रकरण याहून गंभीर आहे. पोटात गेलेला कापूर फार लवकर रक्तात उतरतो आणि थेट मेंदूवर परिणाम करतो. ओकारी, अस्वस्थपणा आणि मग झटके. हे सारे कधी पाच-दहा मिनिटांत, बहुतेक वेळा दीड तासाच्या आत. लहान मुलाच्या बाबतीत ग्रॅमभर कापूरही प्राणघातक ठरल्याच्या नोंदी वैद्यकीय ग्रंथांत आहेत. ग्रॅमभर म्हणजे पूजेच्या एखाद-दोन मोठ्या वड्या. त्वचेतूनही तो शरीरात जातो. मलम वारंवार आणि भरपूर चोळल्यावर झटके आलेली मुले डॉक्टरांनी पाहिली आहेत. अमेरिकेत १९८३ पासून चोळण्याच्या औषधांत अकरा टक्क्यांहून जास्त कापूर घालायला बंदी आहे आणि कापूर मिसळलेले तेल तर तिथे बाजारातून काढूनच टाकले. दोन वर्षांखालील मुलांना असे मलम लावू नये, ही सूचना त्याच बारीक अक्षरांत बहुतेक डब्यांवर असते. निलगिरीच्या तेलाचेही तसेच. छोटा चमचाभर तेल पोटात गेले तरी मूल गुंगीत जाऊ शकते, आणि ठसका लागून तेल फुप्फुसात गेले तर न्यूमोनियासारखा आजार उद्भवतो.

२०२१ च्या उन्हाळ्यात करोनाची दुसरी लाट होती तेव्हा घरोघरच्या मोबाइलवर एक निरोप फिरत होता: कापूर, लवंग आणि ओवा यांची पुरचुंडी हुंगत राहिल्याने रक्तातला प्राणवायू वाढतो. वाढत नाही. तसा कोणताही पुरावा नव्हता आणि आजही नाही. गारव्याच्या भासाने धाप कमी झाल्यासारखी वाटे आणि दवाखाना गाठायला उशीर होई, हा त्यातला खरा धोका होता. ज्यांनी निरोप पुढे पाठवले त्यांचा हेतू चांगलाच होता, यात शंका नाही.

आजीच्या पुरचुंडीला मग घरातून हद्दपारच करायचे का? मोठ्यांनी ओव्याची पुरचुंडी हुंगायला काही हरकत नाही. बाळासाठी मात्र तिच्यातून कापूर काढावा, ती नाकाशी धरू नये, गळ्यात दोरीने बांधू नये आणि तव्यावरची गरम पुरचुंडी कोवळ्या कातडीला लावू नये. ओव्याची धुरी तर नकोच. धूर शेवटी धूर असतो. वास सुगंधी असला तरी चोंदलेल्या श्वासमार्गाला तो त्रासच देतो. हे सासूबाईंना सांगणे सोपे नसते. त्यांनी चार मुले याच पुरचुंडीवर वाढवलेली असतात आणि ती आज धडधाकट असतात. अशा वेळी सूनबाईंनी आपलेही मलम बाजूला ठेवले तर बोलणे बरेच सोपे होते, कारण दोष दोन्हीकडे सारखाच आहे.

बाळाच्या नाकासाठी औषधाच्या दुकानात मिळणारे साधे मिठाच्या पाण्याचे थेंब पुरतात. पाजण्याआधी दोन्ही नाकपुड्यांत एक-दोन थेंब टाकावेत, मांडीवर डोके जरा उंच धरावे आणि थोडे थोडे पण वरचेवर पाजावे. श्वास भराभर चालू असेल, श्वासागणिक बरगड्यांखाली खळी पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा बाळ दूधच घेत नसेल तर घरगुती उपायांची चर्चा थांबवून सरळ डॉक्टर गाठावा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तरीही हेच.

आता रांगणाऱ्या मुलाचा प्रश्न. त्याला पांढरी वडी दिसली की ती साखरेची. घरात अशा पांढऱ्या वस्तू दोन असतात, कापूर आणि कपड्यांतली डांबराची गोळी. इंडोनेशियात तर डांबरगोळीला आजही 'कापूर बारूस' म्हणतात. नाव कापराचेच राहिले, माल बदलला. डांबरगोळ्या पुष्कळदा नॅफ्थलिनच्या असतात. नॅफ्थलिन टर्पीन नव्हे, ते दगडी कोळशाच्या डांबरातून निघते. त्याचे विषही निराळ्या तऱ्हेचे. कापराने झटके येतात. नॅफ्थलिनने, विशेषतः 'जी-६-पीडी' या विकराची जन्मजात उणीव असलेल्या मुलांत, एक-दोन दिवसांनी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू लागतात. डॉक्टरांना मुलाने नक्की काय खाल्ले ते कळणे म्हणूनच मोलाचे असते. त्याच पुड्यातली दुसरी वडी पेलाभर साध्या पाण्यात टाकून पाहावी. कापूर तरंगतो, कधी कधी पाण्यावर गरगर फिरतोही. नॅफ्थलिनची गोळी तळाला जाते. काही गोळ्या आणखी तिसऱ्याच रसायनाच्या असतात, त्याही बुडतात. त्या दोघांतला फरक मीठ विरघळेनासे होईपर्यंत घातलेल्या पाण्यात कळतो. तिथे नॅफ्थलिन वर येते, ते तिसरे खालीच राहते.

ही परीक्षा एकाने घरी करावी आणि दुसऱ्याने तोवर मुलाला घेऊन निघालेले असावे. पुडा किंवा डबी बरोबर न्यावी. घशात बोटे घालून किंवा मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये, कारण त्याच वेळी झटका आला तर उलटी श्वासनलिकेत जाते. दिल्लीच्या एम्समध्ये १९९५ पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे आणि ते चोवीस तास दूरध्वनीवर डॉक्टरांना तसेच सामान्य माणसालाही सल्ला देते. त्याचा क्रमांक फोनजवळ लिहून ठेवायला एक मिनिटसुद्धा लागत नाही.

देवघर बहुतेक घरांत खालच्या पातळीवर असते, म्हणजे नेमके रांगत्या मुलाच्या हाताशी. निरांजन, उदबत्ती आणि कापराची डबी एका ओळीत. डबी उचलून वरच्या फळीवर ठेवावी. ती प्लॅस्टिकची असण्यापेक्षा काचेची किंवा पितळेची, फिरकीच्या झाकणाची असावी. ही द्रव्ये काही प्लॅस्टिकना विरघळवतात, संत्र्याच्या सालीचा रस थर्माकोलवर पिळला की तिथे खळगा पडतो तो त्यामुळेच. कापूर उडून जाऊ नये म्हणून त्यात मिरे घालून ठेवण्याची पद्धत घरोघर आहे. कापूर टिकतो तो खरा घट्ट झाकणाने. मिरे काढून टाका म्हणून आजीशी वाद घालण्याची मात्र काही गरज नाही. ते डबीत राहिले तरी चालतील, फक्त नंतर आमटीत घालू नयेत.